स्वल्पविरामानंतर पहिले नाव कोणाचे?

बँकेच्या सेवेतून निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षे झाली. तरीही परिचयातील व्यापारी कुटुंबांमधील तरुण मुले-मुली अधूनमधून घरी येतात आणि "काका, पाठवण्याआधी हे एकदा नजरेखालून घाला" असे म्हणत मोबाईल पुढे करतात. कधी परदेशी ग्राहकाला लिहिलेला ईमेल असतो, कधी विमा कंपनीकडे करायचा दावा, कधी कर्जमर्यादा वाढवून मिळावी म्हणून बँकेला लिहिलेले पत्र, तर कधी नोकरीचा अर्ज. या पिढीचे इंग्रजी आमच्या पिढीपेक्षा निश्चितच सफाईदार आहे. शब्दांची वाण नाही आणि स्पेलिंगच्या चुका तर यंत्रच दुरुस्त करते. परंतु एक दोष मात्र मला पुन्हा पुन्हा आढळतो.

तो दोष असा, की वाक्याच्या आरंभी एखादी क्रिया सांगितलेली असते. पण ती करणारा म्हणून पुढे जो उभा राहतो, तो भलताच निघतो. वाचणाऱ्याला थोडे हसू आले, इतक्यावर भागले तर ठीक. देण्याघेण्याच्या पत्रात मात्र अशा वाक्यापायी एकाची जबाबदारी दुसऱ्याच्या माथी जाऊन बसते. हे मी केवळ पुस्तकातून शिकलो नाही. तरुणपणी माझ्याच हातून असे एक वाक्य लिहिले गेले आणि त्याची किंमत एका सज्जन व्यापाऱ्याला मोजावी लागली. म्हणून प्रथम ती हकिकत सांगतो.

गोदाम कोणी बंद केले?

गोष्ट 1984 च्या सुमाराची. मी एका तालुक्याच्या बाजारपेठेतील शाखेत नवा अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. त्या काळी धान्याच्या तारणावर कर्ज दिले, की माल व्यापाऱ्याच्याच गोदामात राही. पण कुलूप बँकेचे असे आणि किल्ली बँकेच्या तिजोरीत. तुरीचा व्यापार करणाऱ्या एका शेटजींच्या गोदामाची तपासणी करण्यासाठी मी जून महिन्याच्या आरंभी गेलो. शेटजी त्या दिवशी परगावी होते. त्यांचा माणूस किल्ल्या देऊन दुकानाकडे परतला. मी थप्प्या पाहिल्या, खिडक्या लावल्या, कुलूप घातले आणि शाखेत येऊन इंग्रजीत अहवाल लिहिला. त्यातले वाक्य मला आजही तोंडपाठ आहे:

"आफ्टर चेकिंग द स्टॉक अँड क्लोजिंग द विंडोज, द गोडाउन वॉज लॉक्ड."

मला म्हणायचे होते, की माल तपासून आणि खिडक्या बंद करून मी गोदामाला कुलूप लावले. वाक्य मात्र असे म्हणते, की माल गोदामाने तपासला, खिडक्या गोदामानेच बंद केल्या आणि मग त्याला कुलूप लागले. मी त्या वाक्यात कोठेच नव्हतो.

पुढे पाऊस सुरू झाला. मागच्या बाजूच्या एका खिडकीची कडी नीट बसलेली नव्हती. वाऱ्याने ती उघडली आणि तिच्याखालच्या थप्पीतील चाळीस पोती भिजली. तोवर माझी बदली दुसऱ्या गावी झाली होती. वरिष्ठ कार्यालयातून आलेल्या तपासनिसाने माझा अहवाल वाचला. खिडक्या कोणी लावल्या, हे त्यात नव्हते. गोदाम व्यापाऱ्याचे, तेव्हा खिडक्याही त्याच्याच माणसांनी लावल्या असतील, असा तर्क त्याने केला. भिजलेला माल तारणातून वगळला गेला, निष्काळजीपणाचा ठपका शेटजींवर आला आणि चौकशी होईपर्यंत त्यांची कर्जमर्यादा खाली आणली गेली. त्यातच त्यांनी अडत्यांना दिलेले दोन धनादेश न वटता परत गेले.

व्यापाऱ्याचा धनादेश परत जाणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. रक्कम उद्या भरता येते. बाजारात गेलेला शब्द परत यायला वर्षे लागतात.

मला खुलाशासाठी बोलावण्यात आले तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. शाखा व्यवस्थापकांसमोर शेटजींनी शांतपणे आपली वही उघडली. त्या तारखेखाली मुनीमजींच्या अक्षरात नोंद होती: गोदाम तपासणी व बंद, हस्ते बँकेचे साहेब, आपला माणूस हजर नाही. मी ती वाचली आणि खिडक्या मीच लावल्या होत्या, कड्या मात्र ओढून पाहिल्या नव्हत्या, असे लेखी दिले. शेटजींची मर्यादा पूर्ववत झाली, मला लेखी समज मिळाली आणि प्रकरण मिटले. निघताना शेटजी एवढेच म्हणाले, "साहेब, आमच्या वहीत हस्ते कोण ते लिहिल्याशिवाय ओळ पुरी होत नाही. तुमच्या इंग्रजीत तसं चालतं का?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा देऊ शकलो नाही. खरे उत्तर असे आहे, की इंग्रजीतही तसे चालत नाही. तेथेही हस्ते कोण, हे सांगावे लागते. फक्त ते सांगण्याची जागा ठरलेली आहे. ती जागा कोणती, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

उचंत खाते आणि त्याची खतावणी

इंग्रजी वाक्याच्या आरंभी पुष्कळदा एक तुकडा येतो. त्यात क्रिया असते किंवा एखादी ओळख असते. पण ती कोणाची, ते त्या तुकड्यात नसते. "आफ्टर चेकिंग द स्टॉक" म्हणजे माल तपासल्यावर. कोणी तपासला, ते अजून कळलेले नाही. "ॲज अ रेग्युलर कस्टमर" म्हणजे नेहमीचा ग्राहक या नात्याने. कोण ग्राहक, ते अजून कळलेले नाही. या तुकड्याला आपण आरंभीचा पदबंध म्हणू. त्याच्यानंतर स्वल्पविराम येतो.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर हा पदबंध म्हणजे उचंत खात्यात ठेवलेली रक्कम आहे. ती कोणाच्या नावे टाकायची, हे तूर्त ठरलेले नाही. इंग्रजी वाचणारा माणूस स्वल्पविरामापर्यंत ती रक्कम हातात धरून ठेवतो आणि स्वल्पविराम ओलांडताच मुख्य वाक्याचा कर्ता म्हणून जे पहिले नाव भेटेल, त्याच्या खात्यावर तिची खतावणी करून मोकळा होतो. ते नाव योग्य असेल तर हिशेब जुळला. ते नाव दुसऱ्याच कोणाचे असेल, तर रक्कम परक्या खात्यावर गेली.

नियम एवढाच आहे: आरंभीच्या पदबंधातील क्रिया ज्याची, तोच स्वल्पविरामानंतरच्या वाक्याचा कर्ता असला पाहिजे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी 1918 मध्ये तयार केलेल्या 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' या लहानशा पुस्तकात हा नियम निःसंदिग्ध शब्दांत दिलेला आहे. इंग्लंडमधील हेन्री फाउलर यांच्या 1926 च्या 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज' या कोशातही अशा निराधार लोंबकळणाऱ्या पदबंधांवर स्वतंत्र टिपण आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांच्यासाठीच ही पुस्तके लिहिली गेली होती. म्हणजे ही चूक केवळ आपल्याकडे होते, असे मानून संकोच वाटून घेण्याचे कारण नाही.

आपल्याकडून ही चूक का होते?

असे असले तरी मराठी माणसाच्या हातून ही चूक होण्याला एक खास कारण आहे आणि ते समजले, की अर्धे काम झाले.

वास्तविक हा नियम आपल्याला परका नाही. पाणिनीने अष्टाध्यायीत सांगून ठेवले आहे, की दोन क्रियांचा कर्ता एकच असेल, तेव्हा त्यांपैकी आधीच्या क्रियेला 'क्त्वा' प्रत्यय लागतो. संस्कृतातील 'गत्वा', 'भुक्त्वा' ही रूपे त्यातून होतात आणि मराठीत त्यांचे काम 'जाऊन', 'जेवून' ही रूपे करतात. "मुलगा जेवून दुकानात गेला" या वाक्यात जेवणारा आणि जाणारा एकच. म्हणजे समान कर्त्याची अट दोन्हीकडे आहे.

फरक आहे तो कर्ता ओळखण्याच्या रीतीत. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात. "शेटजींनी मुनीमजींना बोलावले" आणि "मुनीमजींना शेटजींनी बोलावले" या दोन्ही वाक्यांत बोलावणारे शेटजीच. शब्द कोठेही ठेवा, अर्थ ढळत नाही. जुन्या इंग्रजीतही असे विभक्तिप्रत्यय होते. पुढे काही शतकांत ते झिजून गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या जागेने स्वीकारले. आजच्या इंग्रजीत क्रियापदाच्या आधी जो बसला, तो कर्ता. नावांची अदलाबदल केली, की मालक आणि मुनीम यांचीही अदलाबदल होते.

आता आपली सवय पाहा. "पत्र वाचून मला आनंद झाला" हे शुद्ध मराठी वाक्य आहे. त्यातील क्रियापद 'आनंद' या शब्दाप्रमाणे चालते. पण वाचणारा 'मी', हे आपल्याला 'मला' या शब्दावरून कळते. त्याचेच इंग्रजी आपण करतो:

"आफ्टर रीडिंग युअर लेटर, माय जॉय न्यू नो बाउंड्स."

इंग्रजी वाचणारा 'मला' शोधत नाही. तो स्वल्पविरामानंतरचा कर्ता पाहतो. कर्ता आहे आनंद. म्हणजे पत्र आनंदाने वाचले. येथे 'माय' या शब्दाचा उपयोग होत नाही, हे विशेष ध्यानात घ्यावे. 'माझा आनंद' यातील 'माझा' हा मालक आहे, कर्ता नव्हे. दुरुस्ती अगदी सोपी आहे: "आफ्टर रीडिंग युअर लेटर, आय वॉज ओव्हरजॉइड."

'-ल्यावर' आणि '-ताना' ही रूपे तर याहून मोकळी आहेत. "दुकान बंद केल्यावर पाऊस सुरू झाला", "गाडी चालवताना कुत्रा आडवा आला" ही वाक्ये आपण रोज बोलतो आणि त्यांत काहीही खटकत नाही. दुकान बंद करणारा आणि गाडी चालवणारा कोण, हे मराठीत प्रसंगावरून समजून घेतले जाते. तीच वाक्ये इंग्रजीत शब्दशः उतरवली, की दुकान पावसाने बंद केले आणि गाडी कुत्रा चालवत होता, असा अर्थ निघतो.

या लेखाचे पहिलेच वाक्य पाहा. "निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली," असे मी लिहिले आणि आपण ते निमूटपणे वाचले. त्याचे इंग्रजी "हॅविंग रिटायर्ड फ्रॉम द बँक, मेनी इयर्स हॅव पास्ड" असे केले, तर बँकेतून निवृत्त झाली ती वर्षे! तेथे "मेनी इयर्स हॅव पास्ड सिन्स आय रिटायर्ड फ्रॉम द बँक" असेच लिहावे लागते. तेव्हा दोष आपल्या बुद्धीचा नाही. विचार मराठीत होतो आणि मराठीत जे अध्याहृत ठेवता येते, ते इंग्रजीतही चालेल, असे आपण गृहीत धरतो.

दुकानातील आणि घरातील नमुने

गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर ज्या तऱ्हेची वाक्ये आली, त्यांचे काही नमुने देतो. ओळख पटू नये, म्हणून तपशील बदलले आहेत.

कापडाच्या तीन गाठी पावसात भिजून आल्या, म्हणून परत पाठवायच्या होत्या. पत्रात लिहिले होते:

"बीइंग सोक्ड इन रेनवॉटर, वुई आर रिटर्निंग द थ्री बेल्स."

येथे भिजले ते 'वुई', म्हणजे आम्ही. भिजलेल्या व्यापाऱ्यांनी कोरड्या गाठी परत केल्या, असा अर्थ झाला. हवे होते ते असे: "वुई आर रिटर्निंग द थ्री बेल्स बिकॉज दे वेअर सोक्ड इन रेनवॉटर."

बँकेला लिहिलेल्या पत्रात:

"ॲज अ रेग्युलर कस्टमर, युअर बँक शुड रिड्यूस द इंटरेस्ट रेट."

येथे बँकच ग्राहक झाली. "ॲज अ रेग्युलर कस्टमर, आय रिक्वेस्ट यू टु रिड्यूस द इंटरेस्ट रेट" असे लिहिले, की ग्राहक आपल्या जागी आला. शिवाय भाषाही विनयाची झाली.

एका मुलीच्या नोकरीच्या अर्जात:

"हॅविंग कम्प्लीटेड बी.कॉम. विथ फर्स्ट क्लास, माय फादर एन्करेज्ड मी टु अप्लाय."

मुलीच्या कष्टाची पदवी वडिलांच्या खात्यावर जमा झाली. अर्ज वाचणारा अधिकारी दिवसभरात असे कितीतरी अर्ज चाळतो. तो प्रत्येक वाक्यापाशी थांबून उदारपणे अर्थ लावील, याची खात्री नाही. "हॅविंग कम्प्लीटेड बी.कॉम. विथ फर्स्ट क्लास, आय वुड लाइक टु अप्लाय" एवढे पुरेसे होते.

कार्यालयीन भाषेत सर्वांत अधिक आढळणारा नमुना असा:

"आफ्टर चेकिंग द इनव्हॉइस, अ मिस्टेक वॉज फाउंड."

येथे चुकीनेच इनव्हॉइस तपासले आणि मग ती सापडली! कर्मणी प्रयोगाची ओढ आपल्या कार्यालयांना फार. त्यात नम्रता वाटते आणि कोणाचे नावही घ्यावे लागत नाही. पण आरंभीचा पदबंध आणि कर्मणी प्रयोग एकत्र आले, की करणारा वाक्यातून हद्दपार झालाच म्हणून समजावे. माझे गोदामाचे वाक्यही याच जातीचे होते. "आफ्टर चेकिंग द इनव्हॉइस, वुई फाउंड अ मिस्टेक" हे अधिक सरळ आहे आणि अधिक प्रामाणिकही.

जेथे हसण्यावारी नेता येत नाही

वरील वाक्ये वाचून आपण हसलो, कारण खरा अर्थ आपल्याला ठाऊक होता. पाऊस दुकान बंद करत नाही, हे कोणालाही कळते. खरा धोका तेथे नाही. खरा धोका जेथे दोन्ही अर्थ शक्य असतात तेथे आहे. व्यवहाराच्या पत्रात दोन-तीन पक्ष असतात आणि प्रत्येक जण ती क्रिया करू शकतो. अशा वेळी सामान्यज्ञान आपल्या मदतीला येत नाही.

हे वाक्य पाहा:

"आफ्टर इन्स्पेक्टिंग द गुड्स, द पेमेंट विल बी रिलीज्ड."

माल कोण तपासणार? विकणारा, घेणारा की तिसरा कोणी परीक्षक? विकणाऱ्याने समजावे, की आपण तपासून पाठवला, आता पैसे यायला हवेत. घेणाऱ्याने म्हणावे, की माझ्या माणसाने अजून पाहिलेला नाही. दोघेही प्रामाणिक असू शकतात आणि दोघांच्याही हातात तेच वाक्य असते. "आफ्टर द बायर इन्स्पेक्ट्स द गुड्स ॲट अवर गोडाउन, ही विल रिलीज द पेमेंट" असे लिहिले, तर तपासणारा कोण, कोठे तपासणार आणि पैसे कोण देणार, हे तिन्ही प्रश्न मिटतात.

किंवा हे:

"ॲज द गॅरंटर, द बँक सेंट अ नोटिस टु माय ब्रदर अँड मी."

व्याकरणाने जामीनदार ठरते बँक. ते शक्य नाही, म्हणून वाचणारा दुसरा अर्थ शोधतो. पण जामीनदार भाऊ की मी? वाक्य गप्प आहे. एकत्र कुटुंबात आज हे सर्वांना ठाऊक असते. वीस वर्षांनी तो कागद पुढच्या पिढीच्या हाती पडतो, तेव्हा विचारायला कोणी उरलेले नसते. "द बँक सेंट अ नोटिस टु मी ॲज द बॉरोअर अँड टु माय ब्रदर ॲज द गॅरंटर" असे लिहायला चार शब्द अधिक लागतात. पण भावाभावांतला एक वाद वाचतो.

दुरुस्तीचे तीन मार्ग

दोष सापडला, की तो तीन प्रकारे दूर करता येतो.

पहिला मार्ग, स्वल्पविरामानंतर खऱ्या कर्त्याला आणून बसवणे. "आफ्टर रीडिंग युअर लेटर" म्हटले, की लगेच 'आय' यावा. बहुतेक वाक्ये एवढ्याने दुरुस्त होतात.

दुसरा मार्ग, आरंभीच्या पदबंधालाच स्वतःचा कर्ता देणे. स्वल्पविरामानंतर पाऊस किंवा कुत्राच यायला हवा असेल, तर "आफ्टर वुई क्लोज्ड द शॉप, द रेन स्टार्टेड" आणि "व्हाइल आय वॉज ड्रायव्हिंग, अ डॉग केम इन द वे" असे लिहावे. आता उचंत काही उरलेच नाही. दोन्ही नोंदी आपापल्या खात्यांवर गेल्या.

तिसरा मार्ग, तो तुकडा आरंभातून उचलून ज्याचा आहे त्याच्या जवळ नेऊन ठेवणे. जामीनदाराच्या वाक्यात आपण तेच केले.

यांपैकी कोणता मार्ग निवडावा, हे वाक्यात महत्त्व कशाला द्यायचे यावरून ठरते. जबाबदारीचा प्रश्न असेल तेथे मी दुसरा मार्ग सुचवीन, कारण त्यात करणाऱ्याचे नाव क्रियेला चिकटून राहते आणि संशयाला जागा उरत नाही.

काही सवलतीही

नियम सांगताना अपवाद सांगितले नाहीत, तर मुले उगाच घाबरून लिहितील. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'अकॉर्डिंग टु', 'जनरली स्पीकिंग' असे काही शब्द दीर्घकाळच्या वापराने स्वतंत्र झाले आहेत. त्यांना कर्ता लागत नाही. "कन्सिडरिंग द प्राइस, द क्वालिटी इज गुड" हे निर्दोष वाक्य आहे. किंमत पाहता दर्जा चांगला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तसेच पदबंधाने आपला कर्ता स्वतःबरोबरच आणला असेल, तर तोही चालतो. "द रोड बीइंग क्लोज्ड, द ट्रक वॉज डिलेड" यात बंद होता तो रस्ता आणि उशीर झाला तो ट्रकला, गोंधळ नाही.

थोर लेखकांनीही हा नियम कधीकधी मोडला आहे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाच्या पहिल्या अंकात मृत राजाचे भूत आपल्या मुलाला सांगते, की मी बागेत झोपलो असताना मला साप चावला, अशी हूल उठवण्यात आली आहे. मूळ इंग्रजी शब्दांची रचना आजच्या काटेकोर नियमाने तपासली, तर बागेत झोपलेला साप ठरतो! तरीही प्रेक्षकांचा गोंधळ होत नाही, कारण बोलणारा समोर उभा असतो आणि झोपेत कोण मारला गेला, ते सर्वांना माहीत असते. रंगभूमीवर हे चालून जाते. आपले पत्र मात्र आपल्यापासून दूर, अनोळखी टेबलावर वाचले जाते आणि तेथे खुलासा करायला आपण नसतो.

एक छोटी परीक्षा

पत्र पाठवण्यापूर्वी प्रत्येक वाक्याची परीक्षा घेणे शक्य नाही. त्याची गरजही नाही. ज्या वाक्यांच्या आरंभी असा पदबंध आणि स्वल्पविराम आहे, तेवढीच वाक्ये शोधावीत. स्वल्पविरामापर्यंतचा भाग वाचून थांबावे आणि "कोणी?" किंवा "कोण?" असे विचारावे. मग स्वल्पविरामानंतरचा कर्ता वाचावा. दोन्ही उत्तरे एकच आली, तर वाक्य खरे. वेगळी आली, तर वर सांगितलेल्या तीन मार्गांपैकी एक धरावा. स्वल्पविरामानंतर 'माय', 'अवर', 'युअर' यांपैकी शब्द दिसला, किंवा 'वॉज फाउंड', 'वॉज लॉक्ड', 'विल बी रिलीज्ड' अशी शेपटी दिसली, तर विशेष सावध व्हावे. दोष बहुधा तेथेच दडलेला असतो.

घरातील मुलांना ही परीक्षा खेळासारखी शिकवता येते. गाडी चालवणारा कुत्रा आणि दुकान बंद करणारा पाऊस त्यांना फार आवडतो, असा माझा अनुभव आहे. हसत हसत शिकलेले पुढे जबाबदारीच्या कागदावर सही करताना उपयोगी पडते.

ते गोदामाचे वाक्य मी नंतर अनेकदा मनात दुरुस्त करून लिहिले आहे: "आफ्टर चेकिंग द स्टॉक अँड क्लोजिंग द विंडोज, आय लॉक्ड द गोडाउन." बदल फारसा नाही. पण तो 'आय' त्या दिवशी कागदावर असता, तर तपासनिसाने पहिले पत्र मला पाठवले असते आणि शेटजींचे धनादेश परत गेले नसते. कदाचित 'मी कुलूप लावले' असे स्वतःच्या हाताने लिहिताना कड्या आपण ओढून पाहिल्या का, हा प्रश्नही माझ्या मनात आला असता. आणि मी उठून परत गेलो असतो.

शेटजी आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला उशीर झाला. त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले आता इंग्रजीत व्यवहार करतात, वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. तरीही मुनीमजींच्या त्या ओळीतील 'हस्ते' हा शब्द त्यांनी आपल्या इंग्रजीत सांभाळावा, एवढेच सांगणे आहे.